तालुक्यातल्या खेळाडूंचा गौरव करणारी संस्था चालवायचीय? नव्या कार्यकारिणीसाठी सुरुवातीपासून सगळं

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना कुणीतरी सांगितलंय की "तुम्ही आता समितीवर या", आणि समिती म्हणजे काय तर आपल्या गावातल्या, तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या खेळाडूंचा सन्मान करणारी, पगार नाही, मानधन नाही, आपला वेळ आणि आपलं पेट्रोल. माजी खेळाडू असतात, पीटीचे निवृत्त सर असतात, एखादा दुकानदार असतो ज्याला खेळाची आवड आहे. अशा लोकांनी चालवलेल्या संस्था महाराष्ट्रात गावोगाव आहेत, काही खूप छान चालतात, काही चारपाच वर्षांत बंद पडतात.

आधी हे काम का करायचं ते सांगतो कारण ते डोक्यात पक्कं नसेल तर पुढचं सगळं नुसतं शाल-श्रीफळ होऊन बसतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, १९५२ हेलसिंकी, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, लोकांनी डोक्यावर घेतलं, म्हणजे गावानं आपलं काम त्याच दिवशी केलं. पण सरकारी अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, मरणोत्तर, ते तर १९८४ मध्येच अपघातात गेले होते. दुसरे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले जवान, १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, आणि पद्मश्री कधी तर २०१८. मधली ४६ वर्षं बघा. ही तर पदकं जिंकलेली माणसं, ज्यांची नोंद कुठेतरी होती. ज्यांनी राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राला खो-खोत जिंकून दिलं आणि नंतर एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाले त्यांची नोंद कुणाकडे आहे? तालुक्याच्या समितीकडे नसेल तर कुणाकडेच नाही. माझ्या मते समितीचं खरं काम दोनच गोष्टी, माणूस हयात असताना सन्मान करणं आणि खात्रीची नोंद ठेवणं, बाकी हॉल, मंडप, फेटे हे त्याच्या मागून येतं.

कागदपत्रं आधी, कार्यक्रम नंतर

बरेच जण उलटं करतात. आधी हॉल बुक, पाहुणे ठरवले, वर्गणी गोळा, मग कुणीतरी विचारतं पावती कुणाच्या नावाची. तसं करू नका. महाराष्ट्रात साधारण पद्धत अशी की किमान सात जण मिळून संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवतात आणि तीच संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंदवतात, दोन्ही कामं जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. त्यातून जो नंबर मिळतो त्याला लोक एफ नंबर म्हणतात, तो पावतीवर, लेटरहेडवर सगळीकडे लागतो. मग संस्थेच्या नावाचं पॅन, मग बँकेत खातं. नोंदणी व्हायच्या आधीच पैसे गोळा करायची वेळ आली तर गणेश मंडळं घेतात तशी कलम ४१ क ची परवानगी त्याच कार्यालयातून घेता येते, पण कायमची संस्था काढायची असेल तर तो तात्पुरता मार्ग आहे हे लक्षात ठेवा.

नाव ठरवताना सरकारी वाटेल असं नाव टाळा. "शिवछत्रपती" हा राज्य सरकारचा क्रीडा पुरस्कार आहे, आपल्या पुरस्काराला तसंच नाव दिलं की गोंधळ होतो आणि खेळाडूलाच पुढे नोकरीच्या फॉर्ममध्ये त्रास होतो. लोगोत ऑलिंपिकची पाच वर्तुळं टाकायची हौस असते, टाकू नका, ते चिन्ह आपलं नाही.

घटना म्हणजे नियमावली लिहिताना बाजारात मिळणारा तयार नमुना तसाच्या तसा उचलू नका. त्यात उद्देश म्हणून शाळा काढणं, अनाथाश्रम काढणं, वृक्षारोपण सगळं असतं. आपले उद्देश नेमके लिहा: खेळाडू, प्रशिक्षक, पंच, संघटक यांचा गौरव, त्यांच्या कामगिरीची नोंद आणि जतन, गरजू माजी खेळाडूंना मदत. आणि तीन गोष्टी घटनेतच घालून टाका, नंतर भांडण करून घालता येत नाहीत. एक, कार्यकारिणीची मुदत आणि एकाच पदावर सलग किती वेळा राहता येईल. दोन, कार्यकारिणीवर असेपर्यंत त्या सदस्याला किंवा त्याच्या घरच्यांना संस्थेचा गौरव मिळणार नाही. तीन, दिलेला गौरव कुठल्या परिस्थितीत परत घेता येईल. तिसरं नको वाटतं लिहायला, पण उत्तेजकाच्या चाचणीत बंदी आली, प्रमाणपत्र बोगस निघालं, गंभीर गुन्हा सिद्ध झाला, असं काही झालं तर घटनेत तरतूद नसली की समिती दोन गटांत फुटते.

समितीवर कोण हवं

सगळे माजी पैलवान किंवा सगळे कबड्डीवाले असं करू नका. मग पुरस्कारही तिकडेच जातात, मुद्दाम नाही, पण माणसाला जे माहीत तेच दिसतं. वेगवेगळ्या खेळांतले तीनचार जण, त्यात बायका हव्यातच, एक तरी दिव्यांग खेळाडू किंवा त्यांच्याबरोबर काम केलेला माणूस, हिशेब कळणारा एक जण, आणि एक असा की ज्याला जुनी कागदपत्रं वाचायची आवड आहे. हा शेवटचा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात अवघड सापडणारा, गावच्या वाचनालयात जाऊन विचारा, तिथे मिळतो.

पुढारी कार्यकारिणीत नको असं माझं स्पष्ट मत आहे. पाहुणे म्हणून जरूर बोलवा, मदतही घ्या, पण निवडीच्या टेबलावर नको. नाहीतर निवडणुकीच्या वर्षी यादी अचानक लांबते.

खजिनदार निवडताना माणूस प्रामाणिक आहे एवढं पुरेसं नाही, तो वेळेवर लिहिणारा हवा. बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या असं खातं ठेवा. रोख कमीत कमी. देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून ८०जी म्हणतात ती नोंदणी करून घ्या, सीएला विचारा, आणि देणगीदाराला आधीच सांगा की दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन द्या. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद, ऑडिट करून सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात. हे एक वर्ष राहिलं की दुसरंही राहतं आणि मग कुणी हातच लावत नाही.

आणि निकष ठरवणारे, निवड करणारे आणि पैसे गोळा करणारे हे तिन्ही एकच नसू देत. निवड समिती वेगळी ठेवा, पाच जणांची, त्यातले निदान दोन तालुक्याबाहेरचे. बाहेरचा माणूस असला की "आपला पोरगा आहे हो" हे वाक्य टेबलावर येत नाही.

निकष: इथे घाई करू नका

पहिलीच अडचण येते ती म्हणजे "आपला" खेळाडू कोण. जन्म इथला पण खेळला पुण्याकडून, किंवा जन्म बाहेरचा पण इथल्या तालमीत घडला, किंवा लग्न होऊन इथे आली. माझं म्हणणं जन्म, शिक्षण किंवा घडण यातलं एक इथलं असलं तरी चालेल असं लिहा, उदार राहा, कारण दुसऱ्या तालुक्यानं केला तरी आपला सन्मान काही कमी होत नाही.

दुसरी अडचण मोठी. नवीन समित्या हमखास लिहितात "आंतरराष्ट्रीय पदक आवश्यक". ऐकायला भारी वाटतं पण याने आपले अर्धे खेळ आणि अख्खी एक पिढी बाहेर पडते. कबड्डी एशियन गेम्समध्ये पदकाचा खेळ म्हणून आली १९९० ला बीजिंगला, बायकांची तर २०१० ला ग्वांगझोला. त्याआधी खेळलेल्या बाईनं आंतरराष्ट्रीय पदक आणायचं कुठून? खो-खोचा पहिला वर्ल्ड कप दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही जिंकले, दोन्ही संघांचे कप्तान आपल्या महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. पण त्यांच्या आधी पन्नास वर्षं ज्यांनी हा खेळ जिवंत ठेवला त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी राष्ट्रीय स्पर्धा हेच शिखर होतं. म्हणून निकष असा लिहा: त्या काळात त्या खेळात जी सर्वोच्च पातळी उपलब्ध होती तिथपर्यंतची कामगिरी. हे एक वाक्य घातलं की मल्लखांबवाले, कुस्तीवाले, आट्यापाट्यावाले सगळे न्यायाने बसतात.

तिसरं, ताजं यश आणि आयुष्यभराचा गौरव या दोन वेगळ्या गोष्टी ठेवा. बारावीतला मुलगा राष्ट्रीय शालेय स्पर्धेत जिंकला तर त्याचं कौतुक करा, बूट घेऊन द्या, प्रवासखर्च द्या, पण कायमच्या गौरव यादीत लगेच नको. त्यासाठी खेळ थांबवून काही वर्षं झालेली असावीत. मात्र वय साठच्या पुढे गेलेल्यांना कुठलीही वाट बघायला लावू नका, उलट दरवर्षी पहिली नावं त्यांचीच घ्या. दरवर्षी कितीजण हेही ठरवून टाका, चारपाच बास. पंचवीस जणांचा सत्कार केला की कुणाचाच होत नाही, नावं वाचता वाचता निवेदकाला धाप लागते आणि लोक जेवायला उठतात.

प्रशिक्षक, पंच, मैदान आखणारे, वर्षानुवर्षं तालमीची माती चाळणारे यांच्यासाठी वेगळा गट ठेवा. प्रशिक्षकांच्या बाबतीत एक काळजी मात्र घ्याच, नाव जाहीर करण्याआधी त्यांच्या हाताखाली खेळलेल्या मुलींशी समितीतल्या एखाद्या ताईंनी शांतपणे बोलून यावं. काही तक्रार कानावर आली तर नाव थांबवा, आणि मामला लहान मुलांच्या लैंगिक छळाचा असेल तर पोलिसांना कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, तो समितीत मिटवायचा विषय नाही.

खात्री कशी करायची

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यापायी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्रात उघड झालेली आहेत, त्यामुळे नुसता लॅमिनेट केलेला कागद बघून मान डोलवू नका. कागद मागणं म्हणजे अविश्वास नाही हे आधी शिफारस फॉर्मवरच छापा, म्हणजे कुणाला वाईट वाटत नाही. प्रमाणपत्रावर संघटनेचं नाव, स्पर्धेचं ठिकाण, तारीख, वयोगट, कितवा क्रमांक एवढं बघा आणि मग त्या खेळाच्या जिल्हा किंवा राज्य संघटनेकडे लेखी विचारा. नोकरीसाठी ज्यांची पडताळणी आधीच क्रीडा उपसंचालकांकडून झालीये त्यांचा अहवाल मागून घ्या, काम सोपं होतं.

जुन्या लोकांकडे प्रमाणपत्र नसतंच. पुरात गेलं, घर पडलं, वाळवीनं खाल्लं. त्यांच्याकडे असतं वर्तमानपत्राचं कात्रण, आणि त्या कात्रणाची गंमत अशी असते की फोटोच्या कडेकडेने इतकं नीट कापलेलं असतं की तारीखच गेलेली असते. अशा वेळी कात्रण उलटं करा. मागच्या बाजूला कांद्याचे बाजारभाव असतील, एखाद्या सिनेमाची जाहिरात असेल, शाळेच्या निकालाची बातमी असेल, त्यावरून साल आणि साधारण महिना कळतो, मग जिल्हा वाचनालयात त्या महिन्याची बांधीव फाइल काढून बसायचं. दोन तास जातात पण पान सापडलं की त्याचा फोटो तारखेसकट घ्या, मोबाइल सरळ धरून, सावली न पाडता. टीमचे ग्रुप फोटो असतील तर मागे नावं लिहिलेली आहेत का बघा, नसतील तर फोटोची झेरॉक्स काढून त्या म्हाताऱ्या खेळाडूसमोर ठेवा आणि एकेकाला नंबर देत नावं लिहून घ्या, मूळ फोटोवर पेन लावू नका.

बायकांच्या बाबतीत शोध आणखी वेगळा. १९७५-८० च्या सुमाराला तालुक्यात खो-खो, कबड्डी गाजवलेल्या मुली लग्न होऊन गेल्या, आडनाव बदललं आणि आपल्याकडे तर कित्येकींचं पहिलं नावही सासरी बदललं. प्रमाणपत्रावर एक नाव, आधार कार्डावर दुसरंच. मग यादीत त्या सापडत नाहीत आणि समिती म्हणते "आमच्याकडे महिला खेळाडू नव्हत्या हो". होत्या. शाळेचं जनरल रजिस्टर, माहेरचा भाऊ, त्या वेळचे पीटीचे सर, आणि टीममधली दुसरी कुणी एक जण सापडली की सातआठ जणींचे नंबर एका फोनवर मिळतात कारण त्या मैत्रिणी अजून संपर्कात असतात. फॉर्मवर "खेळताना वापरलेलं नाव" असा रकाना ठेवा, आणि मानपत्रावर दोन्ही नावं छापा. सासरच्या नातवंडांना आजी खेळायची हे तेव्हा पहिल्यांदा कळतं असं बऱ्याच घरांत होतं.

निवडीच्या बैठकीचं प्रोसिडिंग सविस्तर लिहा: कोणती नावं आली, कोणतं का घेतलं, कोणतं पुढच्या वर्षावर का ठेवलं. कुणा सदस्याचा नातेवाईक किंवा शिष्य चर्चेला आला तर त्या सदस्यानं खोलीबाहेर जायचं आणि तसं बुकात लिहायचं. नाकारलेल्या नावांची कारणं मात्र बाहेर सांगू नका, त्या माणसाची गावात शोभा होते.

कार्यक्रम

तारखेसाठी दोन दिवस चांगले. २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन आहेच, पण आपल्याकडे पावसात लोक येत नाहीत. मला १५ जानेवारी जास्त आवडतो, तो खाशाबांचा जन्मदिवस आणि महाराष्ट्र सरकारनं राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केलेला, हवा छान असते, संक्रांतीला बाहेरची मंडळीही गावी आलेली असतात. फक्त ऊस पट्ट्यात तोडणी चालू असते, तर वेळ संध्याकाळची घ्या.

सत्कारमूर्तींना फोन अध्यक्षांनी स्वतः करायचा, व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून मोकळं व्हायचं नाही. येण्याजाण्याची गाडी संस्थेनं करायची. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी स्टेजला रॅम्प आहे का ते आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघा, हॉलवाला फोनवर "हो" म्हणतो आणि तिथे चार पायऱ्या असतात. रॅम्प नसेल तर स्टेज सोडा, सगळा कार्यक्रम खाली जमिनीवर करा, पण ज्या माणसाचा गौरव आहे त्याला खुर्चीसकट उचलून वर नेऊ नका.

मानपत्र हा कार्यक्रमाचा जीव आहे आणि तिथेच लोक आळस करतात. "क्रीडाक्षेत्रातील आपल्या उत्तुंग कार्याबद्दल" असलं छापील काही नको. त्या माणसानं काय केलं ते लिहा: कुठल्या साली, कुठे, कोणाविरुद्ध, काय झालं, तेव्हा तो काय काम करत होता, सरावाला कुठे जायचा. मसुदा त्याला आधी वाचून दाखवा, तो एखादं नाव दुरुस्त करतो, आणि हमखास सांगतो की माझ्या जोडीदाराचं नाव पण घाला. घाला. मग मानपत्र स्टेजवर पूर्ण वाचायचं, त्यासाठी पाहुण्यांच्या भाषणातली दहा मिनिटं कापायची. आणि क्रम असा ठेवा की खेळाडू आधी बोलतील, पाहुणे नंतर. पाहुण्यांना निघायची घाई असते हे खरं पण मग त्यांना खेळाडूंचं ऐकून निघू द्या.

रोख रक्कम देणार असाल तर थेट बँकेत, स्टेजवर मोठा पुठ्ठ्याचा चेक फोटोसाठी आणि खरा चेक सहा महिन्यांनी असं अजिबात होऊ नये. पैसे नसतील तर देऊ नका, चांगलं मानपत्र घरातल्या भिंतीवर कायम राहतं.

सत्कारानंतरचं काम

प्रत्येक खेळाडूची एक फाइल: फॉर्म, कागदांच्या स्कॅन, मानपत्र, आणि अर्धा तास तरी रेकॉर्ड केलेली मुलाखत. मोबाइलवर चालते, फक्त पंखा बंद करून खिडकी लावून घ्या. दोन ठिकाणी कॉपी ठेवा, एक ऑनलाइन आणि एक हार्ड डिस्कवर. गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात नामफलक लावता आला तर उत्तम, त्यावर पुढच्या पंधरावीस वर्षांची जागा सोडा.

माजी खेळाडू अडचणीत असेल तर समितीनं कागद करून द्यावेत. राज्य सरकार जुन्या मल्लांना मानधन देतं, केंद्राची आंतरराष्ट्रीय पदक विजेत्यांसाठी पेन्शन योजना आहे, आणि हलाखीतल्या खेळाडूंसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय कल्याण निधी आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करायची, अर्ज भरायचा, पाठपुरावा करायचा. सत्तर वर्षांच्या माणसाला ऑनलाइन फॉर्म जमत नाही आणि त्याला मागायची लाज वाटते, आपली फाइल तयार असेल तर हे काम एका दुपारचं आहे.

पुढच्या लोकांकडे देताना

मुदत संपली की निवडणूक घ्या आणि नवी कार्यकारिणी आली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करा, म्हणजे बदल अर्ज. हे राहिलं की कागदोपत्री जुनीच माणसं विश्वस्त राहतात, त्यातलं कुणी वारलेलं असतं, बँक सह्या बदलून देत नाही आणि वर्षभराचे पैसे खात्यात अडकून पडतात. एखादं पद मध्येच राजीनामा देऊन रिकामं झालं तरीही हाच अर्ज.

हस्तांतर एका बैठकीत, समोरासमोर, यादी करून करायचं: नोंदणी प्रमाणपत्र आणि शेड्यूल वनचा उतारा (धर्मादाय कार्यालयाच्या रजिस्टरमधली संस्थेची आणि विश्वस्तांची नोंद), घटनेची मंजूर प्रत, पॅन, चेकबुक, वापरलेली आणि कोरी पावती पुस्तकं, प्रोसिडिंग बुकं सगळी, ऑडिट रिपोर्ट, खेळाडूंच्या फाइली, हार्ड डिस्क, ईमेलचा आणि फेसबुक पेजचा पासवर्ड, आणि तो ईमेल ज्या मोबाइल नंबरला जोडलाय तो नंबर कुणाचा आहे हे सुद्धा. कुणाच्या मूळ वस्तू, पदकं, ब्लेझर, फोटो प्रदर्शनासाठी आणलेले असतील तर त्याची पोच दिलेली असते, ती पोच बघून वस्तू मोजून घ्या आणि ज्यांच्या परत करायच्या राहिल्यात त्यांच्या घरी जाऊन आधी परत करा. दोन्ही सचिवांच्या यादीवर सह्या, एक प्रत धर्मादायच्या फाइलला, एक नव्या सचिवाकडे.

पुढच्या वर्षावर ठेवलेल्या नावांची यादीही त्याच बैठकीत द्या, वयानं सगळ्यात मोठे वर.